मोर्चा कोणाच्या दारात न्यायचा, हे आधी ठरवावे

बीड जिल्ह्यातील एका ठेवीदार कृती समितीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. शेतकरी, निवृत्त शिक्षक आणि ऊसतोड मजूर यांच्या ठेवी एका मल्टीस्टेट, म्हणजे एकाहून अधिक राज्यांत काम करणाऱ्या, पतसंस्थेत अडकल्या आहेत आणि संचालकांचे राजकीय लागेबांधे साऱ्या तालुक्याला ठाऊक आहेत. समितीने जिल्हाधिकारी कार्यालयावर दोन मोठे मोर्चे नेले, महामार्गावर रास्ता रोको केला, निवेदनांचा ढीग लावला. गुन्हा दाखल झाला, पण त्यापुढे काहीच हलत नाही. आता आंदोलन अधिक तीव्र करायचे, तर नेमके काय करायचे?

तीव्रतेचा विचार तूर्त बाजूला ठेवावा, असे माझे मत आहे. ठेवी, पीक विमा आणि रोजगार हमी या प्रश्नांवर मराठवाड्यात काम करताना मी जी आंदोलने निष्फळ ठरताना पाहिली, त्यांतील थोडीच गर्दी कमी पडल्यामुळे फसली. बहुतेक फसली ती, मागणी ज्याच्या अधिकारातच नव्हती त्या अधिकाऱ्याच्या दारात गर्दी नेल्यामुळे. त्या अधिकाऱ्याने सहानुभूतीने निवेदन स्वीकारले, "आपल्या भावना शासनापर्यंत पोहोचवतो" असे सांगितले, दुसऱ्या दिवशी जिल्हा पानावर छायाचित्र आले आणि विषय संपला. यात त्या अधिकाऱ्याची लबाडी असतेच असे नाही. पुष्कळदा त्याच्याकडे देण्यासारखे खरोखरच दुसरे काही नसते.

आपल्या निवेदनात तीन मागण्या एका दमात आहेत: संचालकांवर कठोर कारवाई करावी, मालमत्ता जप्त करावी आणि ठेवी व्याजासह परत मिळाव्यात. या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या टेबलांवर ठरतात. मल्टीस्टेट संस्था २००२ च्या केंद्रीय कायद्याखाली नोंदलेली असते आणि तिच्यावर अवसायक, म्हणजे संस्था गुंडाळून देणी-घेणी निकाली काढणारा अधिकारी, नेमण्याचा अधिकार दिल्लीतील केंद्रीय निबंधकांचा असतो. जिल्हा उपनिबंधकांच्या दालनासमोर कितीही घोषणा दिल्या, तरी ते याबाबतीत फार तर पत्र पुढे पाठवू शकतात. हीच संस्था राज्याच्या १९६० च्या सहकार कायद्याखालची साधी पतसंस्था असती, तर कलम ८३ ची चौकशी आणि कलम ८८ खाली नुकसानीची जबाबदारी निश्चित करणे हे काम सहकार खात्याच्या जिल्ह्यातील यंत्रणेकडून करून घेता आले असते, आणि तेव्हा उपनिबंधकांच्या दारातला ठिय्या अचूक ठरला असता. ठेव विम्याचे पाच लाखांचे संरक्षण बँकांतील ठेवींना आहे, पतसंस्थांतील ठेवींना नाही. त्यामुळे रिझर्व्ह बँकेच्या नावाने केलेली मागणीही वाया जाते.

मालमत्ता जप्तीचा मार्ग महाराष्ट्र ठेवीदारांच्या हितसंबंधांचे संरक्षण अधिनियम, १९९९ यातून जातो. गुन्हा पोलीस ठाण्यात नोंदला जातो, तपास आर्थिक गुन्हे शाखेकडे येतो, शाखा मालमत्तांचा शोध घेऊन प्रस्ताव तयार करते, तो वरिष्ठ पोलीस कार्यालयांतून गृह विभागाकडे जातो आणि शासनाचा जप्तीचा आदेश राजपत्रात प्रसिद्ध होतो. त्यानंतर नेमलेला सक्षम प्राधिकारी, म्हणजे सामान्यतः महसूल खात्यातील उपजिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी, विशेष न्यायालयात जातो आणि न्यायालयाने जप्ती कायम केल्यावर लिलाव व वाटप यांची वाट मोकळी होते. या साखळीतली एखादी कडी महिनोन् महिने थांबली, तर बाहेरच्या माणसाला ते कळतही नाही. संचालकांचे राजकीय वजन नेमके येथेच वापरले जाते. कोणी "कारवाई करू नका" असे लिहून देत नाही. फाइल फक्त एका त्रुटीसाठी परत येते, मग दुसऱ्या त्रुटीसाठी परत येते.

म्हणून पुढचा मोर्चा जाहीर करण्यापूर्वी फाइल आज कोणाकडे आणि किती दिवसांपासून आहे, हे शोधून काढावे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली अर्ज करताना तपासाची कागदपत्रे मागू नयेत. तपासात अडथळा येईल या कारणाने ती नाकारली जातात आणि त्यात एक महिना जातो. मागावी ती केवळ प्रवासाची माहिती: प्रस्ताव कोणत्या जावक क्रमांकाने कोणत्या दिनांकास गेला, त्रुटीचे पत्र कधी आले, त्रुटीची पूर्तता कधी झाली. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो, हे विसरल्यामुळे चांगले अर्ज परत येतात. शिवाय २०१८ च्या शासन निर्णयानुसार जिल्हा पातळीवरील आणि त्याखालील कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहता येतात. समितीतील दोन जण दर सोमवारी जाऊन शांतपणे नोंदवही पाहू लागले आणि तारखा वहीत उतरवून घेऊ लागले, तर त्याचा परिणाम एका मोर्चाइतका होतो, असा माझा अनुभव आहे. कोणीतरी तारखा मोजत आहे, हे कार्यालयाला कळलेले असते.

तारखा हाती आल्या की दुसरा कायदा उपयोगी पडतो. शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन आणि विलंबास प्रतिबंध करणारा २००५ चा राज्याचा अधिनियम, ज्याला सगळे 'दफ्तर दिरंगाई कायदा' म्हणतात, त्याच्या कलम १० नुसार कोणत्याही कर्मचाऱ्याकडे फाइल सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त प्रलंबित राहता कामा नये. या कायद्याखाली प्रत्यक्ष शिस्तभंगाची कारवाई क्वचितच होते. तरीही निवेदनात "अमुक टेबलावर फाइल अमुक तारखेपासून आहे आणि कलम १० ची मुदत अमुक तारखेस संपली" हे वाक्य असले, की बैठकीचा सूर बदलतो. आतापर्यंत मागणी "भ्रष्टाचाऱ्यांना धडा शिकवा" अशी होती. आता ती "जप्तीचा प्रस्ताव त्रुटी पूर्ण करून पंधरा दिवसांत गृह विभागास पाठवावा आणि जावक क्रमांक समितीस लेखी कळवावा" अशी होते. पहिल्या मागणीला होकार देणे कोणालाही सोपे असते, कारण तो पाळला की नाही हे तपासताच येत नाही.

आता गर्दीविषयी. मोर्चाला आलेले हजारो लोक घोषणा देऊन संध्याकाळी घरी परततात, तेव्हा समितीच्या हाती छायाचित्रांपलीकडे काही उरत नाही. वास्तविक ठेवीदारांच्या आंदोलनात प्रत्येक माणूस हा पुरावा असतो. पुढच्या वेळी प्रत्येकाने ठेव पावतीची आणि आधार कार्डाची झेरॉक्स आणावी, मैदानात गावनिहाय टेबले मांडावीत आणि नाव, पावती क्रमांक, रक्कम, मुदत संपल्याचा दिनांक यांची यादी तिथेच तयार करावी. ज्यांचे जबाब अजून नोंदले गेलेले नाहीत, त्यांची वेगळी यादी करून ती आर्थिक गुन्हे शाखेला पोच घेऊन द्यावी आणि जबाबांसाठी गावनिहाय तारखा मागाव्यात. फसवणुकीची रक्कम जितकी जबाबांतून आणि कागदांतून सिद्ध होते, तितकीच तपासाच्या हिशेबात धरली जाते. व्यासपीठावरून सांगितलेले कोटींचे आकडे तिथे चालत नाहीत. पुढे सक्षम प्राधिकाऱ्याकडे दावे मागवले जातात, तेव्हाही हीच यादी कामास येते.

धाराशिव जिल्ह्यातील २०२० च्या खरिपाच्या विम्याचे उदाहरण या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. अतिवृष्टीने पीक गेले, पण ७२ तासांत सूचना दिली नाही या कारणाने विमा कंपनीने मोठ्या संख्येने शेतकऱ्यांना भरपाई नाकारली. निवेदने आणि आंदोलने झालीच. पण २०२२ साली औरंगाबाद खंडपीठाचा निकाल शेतकऱ्यांच्या बाजूने लागला, तेव्हा महसूल आणि कृषी यंत्रणेने केलेल्या पंचनाम्यांत नुकसानीची नोंद असणे मोलाचे ठरले. शेतात पाणी असताना पंचनाम्यासाठी तलाठी आणि कृषी सहायक यांच्यामागे लागलेल्या गावांनी तेव्हाच अर्धे काम केलेले होते.

परवानगी आणि पोलीस यांबाबत आपल्या समितीत जी धास्ती दिसते, ती काही अंशी अनाठायी आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खालचे जमावबंदीचे आदेश आपल्या जिल्ह्यांत पंधरा-पंधरा दिवसांच्या मुदतीने वर्षभर निघत असतात. त्यांचा अर्थ आंदोलनच करता येत नाही असा नसून, परवानगी घ्यावी लागते इतकाच आहे. अर्ज किमान आठवडाभर आधी द्यावा. त्यात मार्ग, वेळ, अंदाजे संख्या, ध्वनिक्षेपकाचा तपशील, स्वयंसेवकांची नावे आणि रुग्णवाहिकेसाठी मोकळी ठेवायची बाजू लिहावी आणि पोच घ्यावी. परवानगी नाकारली गेली, तर कारणासह लेखी नकार मागावा. जानेवारी २०२० मध्ये माजलगाव येथील नागरिकत्व दुरुस्ती कायद्याविरोधातील धरण्याला असाच आदेश दाखवून परवानगी नाकारली गेली होती. पुढच्याच महिन्यात औरंगाबाद खंडपीठाने तो आदेश रद्द केला; आदेश वरवर सर्वांसाठी असला तरी प्रत्यक्षात तो आंदोलकांचा आवाज बंद करण्यासाठी आहे, असे खंडपीठाचे म्हणणे होते. तो विषय आपल्यापेक्षा वेगळा आहे, पण आपल्याच जिल्ह्यातला हा निकाल प्रत्येक समितीच्या फाइलमध्ये असावा.

आंदोलनापूर्वी येणारी प्रतिबंधात्मक नोटीस, जिला लोक अजूनही '१४९ ची नोटीस' म्हणतात आणि जी आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ खाली येते, ती गुन्हा नव्हे. ती स्वीकारावी आणि आंदोलन शांततामय असेल असे लेखी उत्तर द्यावे. खरी काळजी घ्यायची ती धक्काबुक्कीची. लोकसेवकावर हल्ल्याचे किंवा बलप्रयोगाचे कलम, पूर्वीचे ३५३ आणि आताचे भारतीय न्याय संहितेतील १३२, अजामीनपात्र आहे आणि दालनाच्या दारातल्या रेटारेटीतूनही ते लागू शकते. त्यामुळे दालनात जाणारे पाच जण आधी ठरवावेत, बाकीच्यांनी आवाराबाहेर बसावे आणि दारापाशी समितीच्या ज्येष्ठ महिला असाव्यात. चित्रीकरण समितीचेही असावे, केवळ पोलिसांचे नको.

रास्ता रोको मात्र मला या प्रश्नासाठी निरर्थक वाटतो. धुळे-सोलापूर महामार्ग दोन तास अडवला, तर एसटीतील प्रवासी, बाजार समितीकडे निघालेला शेतकरी आणि दवाखान्याकडे निघालेला रुग्ण अडकतो; पतसंस्थेच्या संचालकाला त्याची झळही लागत नाही. दिल्लीतील शाहीन बाग येथील रस्त्यावरच्या धरण्याच्या प्रकरणात ७ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक रस्ता अनिश्चित काळ अडवून ठेवता येणार नाही, असे स्पष्ट केलेले आहे. शिवाय आपल्याकडे रास्ता रोकोत पुढे असतात ती पोलीस भरतीची तयारी करणारी मुले. त्यांच्यावर दाखल झालेले गुन्हे चारित्र्य पडताळणीच्या वेळी समोर येतात. शासन अधूनमधून राजकीय-सामाजिक आंदोलनांतील खटले मागे घेण्याचे निर्णय काढते, त्यांत जीवितहानी नसावी आणि मालमत्तेचे नुकसान पाच लाखांपेक्षा जास्त नसावे अशा अटी असतात. पण ती प्रक्रिया वर्षानुवर्षे चालते आणि भरतीचे वय तोवर निघून जाते. ज्या मुलाच्या बापाची ठेव आधीच बुडाली आहे, त्याची नोकरीही पणाला लावण्याचा अधिकार समितीला नाही.

पाण्याच्या टाकीवर चढणे, जलसमाधी, आत्मदहनाचा इशारा हे प्रकार मराठवाड्यात फार बोकाळले आहेत. १५ ऑगस्ट, १७ सप्टेंबर आणि २६ जानेवारी या तारखा जवळ आल्या, की पालकमंत्र्यांच्या ध्वजारोहणापूर्वी इशाऱ्यांची पत्रे येऊ लागतात आणि पोलीस सकाळीच त्या माणसांना ठाण्यात नेऊन बसवतात. अशा इशाऱ्यामुळे ठेवींचा प्रश्न मागे पडून कायदा आणि सुव्यवस्थेचा प्रश्न पुढे येतो, म्हणजे ज्या अधिकाऱ्याला जप्तीविषयी उत्तर द्यायचे होते तो सुटतो. लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी आत्महत्येचा प्रयत्न करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २२६ खाली गुन्हाही आहे. पण कायद्यापेक्षा मोठी गोष्ट अशी, की आयुष्याची पुंजी गमावलेली माणसे आधीच खचलेली असतात आणि समितीने तसला विचार त्यांच्यासमोर डावपेच म्हणूनही ठेवू नये. कोणी तसे बोलू लागला, तर त्याला एकटे सोडू नये, घरच्यांना कळवावे आणि डॉक्टरांकडे न्यावे.

उपोषणाचा उपयोग होतो, पण त्याची खरी कसोटी ते सुटते त्या क्षणी लागते. चौथ्या-पाचव्या दिवशी तहसीलदार किंवा उपविभागीय अधिकारी मोसंबीचा रस घेऊन येतात, कॅमेरे असतात, थकलेल्या माणसाला ग्लास नाकारणे जड जाते आणि हातात जे पत्र पडते त्यात "नियमानुसार योग्य ती कार्यवाही करण्यात येईल" इतकेच असते. असे पत्र मिळवण्यासाठी उपोषण करण्याची गरज नव्हती. ते टपालानेही आले असते. उपोषणास बसण्यापूर्वीच समितीने अपेक्षित पत्राचा मसुदा तयार ठेवावा. त्यात कृती, जबाबदार अधिकाऱ्याचे पदनाम, मुदतीची तारीख आणि जावक क्रमांक हे चारही असल्याखेरीज ग्लास हाती घेऊ नये. आलेले पत्र वाचून निर्णय घेणारी माणसे उपोषणकर्त्यांपैकी नसावीत; उपाशी माणसाला बारीक अक्षरे वाचायला लावू नयेत. आमरण उपोषणापेक्षा गावनिहाय साखळी उपोषण अशा कामाला अधिक मानवते, कारण त्यात रोज नवे गाव येते आणि रोज यादीत नवे जबाब वाढतात.

राजकीय पुढाऱ्यांचे काय करावे, हा प्रत्येक समितीला छळणारा प्रश्न आहे. ९ ऑगस्ट २०१६ रोजी औरंगाबादेतून सुरू झालेल्या मराठा मूक मोर्चांनी त्याचे एक चांगले उत्तर दिले होते: पुढारी आले तरी मागे चालत, भाषण आणि निवेदन मुलींच्या हाती असे. आपल्या प्रश्नातही कोणाला येऊ नका म्हणू नये, पण माइक देऊ नये. त्याऐवजी लेटरहेड मागावे. आमदारांनी विधानसभेत तारांकित प्रश्न किंवा लक्षवेधी द्यावी, खासदारांनी केंद्रीय निबंधकांकडील कार्यवाहीविषयी लोकसभेत प्रश्न विचारावा आणि त्याची प्रत समितीला द्यावी. मल्टीस्टेटच्या बाबतीत खासदारांची जबाबदारी अधिक आहे, कारण दिल्लीच्या त्या कार्यालयापर्यंत आपल्या मोर्चाचा आवाज अन्यथा पोहोचत नाही. कोणी लेटरहेड दिले आणि कोणी केवळ छायाचित्र काढून घेतले, याची यादी पुढच्या सभेत वाचून दाखवावी.

"आंदोलन मॅनेज झाले" ही कुजबुज एकदा सुरू झाली, की समिती मोडायला संचालकांना वेगळे काही करावे लागत नाही. ती टाळण्याचे उपाय कंटाळवाणे आहेत, पण दुसरे उपाय नाहीत. संचालकाला, त्याच्या नातेवाइकाला किंवा तपासी अधिकाऱ्याला कोणीही एकट्याने भेटू नये. भेट झालीच तर बाहेर येताच काय बोलणे झाले ते समितीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर लिहावे. वर्गणी आणि खर्च फलकावर लावावा. प्रतिस्पर्धी संस्थाचालकाने किंवा विरोधी गटाने मंडपाचा खर्च देऊ केला, तर नाकारावा, कारण त्याचा प्रश्न ठेवींचा नसून हिशेब चुकता करण्याचा असतो. फलकावर आणि भाषणात लेखापरीक्षण अहवाल, प्रथम खबर (एफआयआर) किंवा राजपत्र यांत असेल तेवढेच बोलावे. ऐकीव आरोपातून बदनामीचा दावा उभा राहतो, आणि कार्यकर्त्यावर खंडणीचा उलटा गुन्हा नोंदवण्याचा प्रकार आपल्या भागात नवा नाही.

सुरक्षिततेचा विचार आता टाळता येत नाही. पवनचक्की कंपनीकडे मागितल्या गेलेल्या खंडणीच्या वादातून मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबर २०२४ रोजी हत्या झाली आणि २८ डिसेंबरला बीडमध्ये सर्वपक्षीय विराट मोर्चा निघाला. त्या मोर्चामुळे प्रकरण दडपणे अशक्य झाले. पण मंत्री धनंजय मुंडे यांचा राजीनामा आला तो ४ मार्च २०२५ रोजी, आरोपपत्र न्यायालयात जाऊन त्यातील छायाचित्रे लोकांसमोर आल्यानंतर. त्यातून संघटकांनी घ्यायची एक व्यावहारिक गोष्ट म्हणजे कागदपत्रांच्या प्रती एकाच माणसाच्या घरी नसाव्यात, अर्जांवर एकट्याची सही नसावी आणि धमकी आली तर ती त्याच दिवशी पोलीस अधीक्षकांना लेखी कळवून पोच घ्यावी.

वेळापत्रकही आपल्या मातीचे असावे. दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे गेल्या, की आपल्या सभासदांपैकी बरेच जण उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत परतत नाहीत, आणि ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी सोडून कोणी शेतकरी येणार नाही. मोठी जमवाजमव पोळा ते दसरा या काळात किंवा एप्रिलनंतर, पण उन्हामुळे सकाळी अकराच्या आत संपणारी अशी करावी. मधल्या महिन्यांत सोमवारच्या भेटी, अर्ज आणि अपिले चालू ठेवावीत. नागपूरचे हिवाळी अधिवेशन डिसेंबरात असते आणि तोपर्यंत लेटरहेडवरचे प्रश्न दाखल झालेले असावेत.

आपल्यापुरते सांगायचे, तर पहिला अर्ज या सोमवारी आर्थिक गुन्हे शाखेच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे जावा आणि दुसरा ऑनलाइन केंद्रीय निबंधकांच्या कार्यालयाकडे. तीस दिवसांत उत्तर आले नाही, तर एकतिसाव्या दिवशी पहिले अपील करावे. मोर्चाची तारीख त्या उत्तरानंतरच ठरवावी, आणि ज्या कार्यालयात फाइल अडल्याचे त्यातून दिसेल त्याच कार्यालयासाठी परवानगीचा अर्ज द्यावा, मग ते बीडमध्ये असो, संभाजीनगरात असो वा मुंबईत. मुंबईला तालुक्यातून दहा हजार माणसे जाणार नाहीत. प्रत्येक गावाचा एक ठेवीदार आणि त्याच्या हातात गावाची यादी, एवढे आझाद मैदानावर पुरेसे आहे.